परबांचा काटा आणि इनासचे बारा किलो

परबांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पगारही विचारला नाही. वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या नव्या जागेत मी सामान चढवत होतो. लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पट्ट्यापट्ट्यांची लुंगी नेसलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी मला डोक्यापासून चपलेपर्यंत पाहून घेतलं आणि विचारलं, "दिवसाचा खप किती तुमचा?"

इमारतीत पाणी टँकरने येतं हे मला आधीच कळलं होतं. मी म्हटलं, "दोघंच आहोत. चार बादल्या पुरतात."

"पाणी नाही हो. कॅलरी."

मी हातातली पेटी पायरीवर टेकवली.

"काम बसून की उभं?"

"बसून. वर्तमानपत्रात आहे."

"मग दोन हजारांच्या वर जाऊ नका," असं बजावून ते खाली उतरले.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. वजन हा तेव्हा डॉक्टरांचा आणि लग्नाळू मुलींच्या आयांचा विषय होता. रामकृष्ण परब यांनी तो स्वतःकडे घेतला होता. वय त्रेपन्न, गाव मालवणच्या बाजूचं, नोकरी वसईच्या औद्योगिक वसाहतीत धागा रंगवण्याच्या एका कारखान्यात. हुद्दा बॉयलर अटेंडंट. बॉयलर चालवण्याचा सरकारी परवाना त्यांनी चौकट करून बैठकीच्या खोलीत लावला होता. पत्नी काही वर्षांपूर्वी वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. घरात ते एकटे, एक टीव्ही, आणि स्वयंपाकघरात कारखान्याच्या प्रयोगशाळेतून बाद झालेला एक तराजू. त्यावर तांदूळ, बांगडा आणि खोबरं रोज तोललं जाई. मालवणी माणसाने खोबरं तोलून वापरणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे मालवणी माणसालाच कळेल. परब म्हणत, "खोबरं म्हणजे भट्टीत जाळायचं फर्नेस ऑइल. हात सैल सोडला की टाकी भरलीच."

त्यांचा सिद्धान्त बॉयलरमधून निघालेला होता आणि तो ते कुणालाही, कुठेही समजावून सांगत. सोसायटीच्या वार्षिक सभेत गच्चीच्या गळतीचा विषय चालू असताना त्यांनी तो सांगितला होता.

"माणूस म्हणजे लाकडावरचा बॉयलर. सकाळी ट्रकभर लाकूड आलं. दिवसभरात जेवढी वाफ लागली तेवढं जळलं. उरलं ते जाणार कुठे? आवारात थप्पी लागणार. ती थप्पी म्हणजे ही," इथे ते समोरच्या माणसाच्या पोटाकडे बोट दाखवत. "आता थप्पी कमी करायची तर काय कराल? आवार झाडाल? लाकूड कमी मागवा आणि वाफ चालू ठेवा. बॉयलर आपसूक थप्पीतलं लाकूड ओढतो. ह्याला म्हणतात तूट. रोज पाचशे कॅलरींची तूट काढा, आठवड्याला अर्धा किलो थप्पी उतरते. त्यापेक्षा घाई केलीत तर आग विझते."

"आणि झोपेत?" चिटणीसांनी विचारलं. ते सभेत झोपत असत.

"कारखाना बंद असला तरी बॉयलर गरम ठेवावा लागतो, चिटणीस. झोपेतही जळतं. दिवसाच्या खपातला मोठा वाटा नुसतं गरम राहण्यातच जातो. म्हणून अर्धा तास फिरून आलात की लगेच छाती फुगवू नका."

हा शेवटचा टोला इमारतीतल्या बायकांना होता. चार-पाच जणी सकाळी चालायला जात आणि परतताना कोपऱ्यावरच्या गाडीवर बटाटेवडा खात. परब पहिल्या पाळीला निघालेले असत. ते थांबून म्हणत, "अर्धा तास चाललात. एवढ्यात वड्याचे दोन घास फिटले. उरलेल्याचं काय?"

त्यांच्यातल्या देशपांडेबाई एकदा म्हणाल्या, "परब, तुम्ही घास मोजा, आम्ही वडा खातो. दोघांचीही सकाळ चांगली जाईल."

दुसऱ्या मजल्यावरच्या शहांनी टीव्हीवरची जाहिरात बघून पोट थरथरवणारा विजेचा पट्टा मागवला. परब मुद्दाम बघायला गेले. पाच मिनिटं शहांचं थरथरणं त्यांनी हात बांधून पाहिलं आणि म्हणाले, "बॉयलर हलवला म्हणून लाकूड जळत नाही, शहाशेठ." शहा म्हणाले, घाम किती येतो बघा, एका दिवसात किलोभर कमी झालो. तेव्हा परबांनी वसईच्या बाजारातून सुकेळी आणली. पानात बांधलेली ती वाळवलेली केळी शहांच्या टीपॉयवर ठेवली. "केळं उन्हात वाळवलं, वजन कमी झालं. साखर कमी झाली का? खाऊन बघा. गेलं ते पाणी. तुमचंही पाणीच गेलंय. सरबत प्यालात की किलो परत." शहांनी सुकेळी खाल्ली. पट्टा पुढे माळ्यावर गेला.

अशा माणसाला लोक टाळतात. परबांनाही टाळत. जिन्यात त्यांची चाहूल लागली की हातातली मिठाईची पेटी पाठीमागे जाई. परबांना ते कळत असावं. त्यांनी तसं कधी दाखवलं नाही.

त्यांचं ऐकणारा एकच माणूस होता, आणि त्याच्यावर ऐकण्याची वेळ आली होती.

इनास लोपीस हा त्यांच्याच कारखान्यातला फिटर. राहायला भुईगावात. वय परबांएवढंच, वजन सत्त्याण्णव किलो. लग्नाच्या मोसमात तो गावच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा आणि त्या पट्ट्यात त्याच्या तोडीचा ट्रंपेटवाला नव्हता. त्या वर्षी गणपतीनंतर त्याच्या पोटात हर्निया निघाला. सर्जनने दोन गोष्टी सांगितल्या. एक, ट्रंपेट बंद, कारण फुंकण्याने जोर पडतो. दुसरी, एवढ्या वजनावर शस्त्रक्रिया करणार नाही. पंच्याऐंशी करून या. फार लांबवू नका, कारण आतडं अडकलं तर जिवावर बेतेल.

इनासच्या मुलीचं लग्न पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात ठरलं होतं. ट्रंपेट बंद झाल्यावर बँडमास्तरने त्याच्या हातात झांज दिली. इनास परबांकडे आला आणि म्हणाला, "परबा, पोरीच्या लग्नात बाप झांजा वाजवनार काय? बारा किलो काढून दे माझे."

परबांनी त्याच दिवशी कामाला हात घातला.

वजनासाठी त्यांनी कारखान्याच्या भांडारातला प्लॅटफॉर्म काटा निवडला. खाली लोखंडी पाट, वर दांडी, दांडीवर सरकतं वजन. रंगाची पिंपं त्यावर तोलत. रविवारी भांडार बंद असे. पण फाटकावरचे तिवारी म्हणाले, काट्यावर चढणाऱ्या प्रत्येक मालाला गेटपास लागतो, साहेबांचा नियम आहे. परबांना नियम आवडत. त्यांनी गेटपास भरला. माल: इनास लोपीस. नग: एक. परत न्यायचा आहे काय: होय. तिवारींनी शिक्का मारला. त्यापुढे प्रत्येक रविवारी इनास रीतसर आत आला आणि रीतसर बाहेर गेला.

आकडा त्रयस्थाने लिहावा असं परबांचं मत होतं, म्हणून ते मला नेत. परब दांडी बघून आकडा सांगत, मी वहीत लिहीत असे.

डिसेंबर उजाडेपर्यंत सत्त्याण्णवाचे एक्क्याण्णव झाले. मग लग्नं सुरू झाली आणि आकडा जागेवर बसला. एक आठवडा, दोन आठवडे, चार. इनास शपथेवर सांगे, "ताटात तू सांगितलंस त्याच्यापेक्षा शीतभर जास्त नाय खाल्लं." परबांनी त्याचं खाणं पुन्हा तपासलं. भात मोजलेला, मासा मोजलेला. हिशेब बरोबर होता आणि काटा हलत नव्हता. शेवटी एका लग्नात परब स्वतः बँडच्या मागोमाग चालले. मी बरोबर होतो.

पहिली धून संपली. यजमानांच्या घरचा एक माणूस ट्रे घेऊन आला आणि प्रत्येक वाजवणाऱ्याच्या हातात ग्लास गेला. दुसरी धून, दुसरा ग्लास. वाइन, ताडी, साखरेचं सरबत, जे असेल ते. मिरवणूक मांडवात पोचेपर्यंत परबांनी सहा ग्लास मोजले.

"हे काय?" त्यांनी इनासला बाजूला घेऊन विचारलं.

"काय, काय? पिनं हाय."

"लिहिलंस का कधी?"

"तू खाल्लेलं लिव म्हनालास. पिलेलं कोन खाल्ल्यात धरतो?"

परब खाली कट्ट्यावर बसले. "इनास, लाकूड पातळ करून ओतलं तरी थप्पी तेवढीच लागते रे."

"मग नको म्हनू? लग्नाच्या घरी? उद्या गावात तोंड कसं दाखवू?"

हे परबांनाही पटलं. लग्नघरचा ग्लास नाकारणं म्हणजे घराचा अपमान. मार्ग असा निघाला की इनासने ग्लास घ्यायचा, ओठाला लावायचा आणि शेजारच्या ढोलवाल्याकडे द्यायचा. त्या मोसमात ढोलवाला पाच किलोंनी वाढला. इनास पुन्हा उतरू लागला. पुढे ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ आला, लग्नं थांबली, आणि मार्चमध्ये एका रविवारी परबांनी आकडा सांगितला: सत्त्याऐंशी.

दोन किलो राहिले होते. म्हणजे परबांच्या गणिताने चार रविवार.

पुढच्या रविवारी सत्त्याऐंशी. त्याच्या पुढच्याही. "असं होतं," परब म्हणाले. "बॉयलर लहान झाला की खपही कमी होतो. तूट आटते. थांबायचं, घाबरायचं नाही." हे शास्त्र खरं होतं. फक्त सांगताना ते इनासकडे बघत नव्हते, एवढं मला आज आठवतं. तेव्हा मी ते टिपलं नाही.

चौथ्या सत्त्याऐंशीनंतर शनिवारी इनासची बायको रोझी माझ्या दारात उभी राहिली. हातात इनासचा कमरेचा पट्टा होता.

"तुमी पेपरातले मानूस, तुमीच बघा. ही दोन भोकं मी खिळ्यानं पाडली. याची पँट खाली येते नि काटा खाली येत नाय. हे कसं?"

मी पट्टा पाहिला. नवी भोकं जुन्या भोकांच्या आत, बकलाच्या बाजूला होती.

"आनी आता हा रात्रीचा जेवतच नाय. चार दिवस झाले. म्हनतो, परबाचा आकडा येईस्तोवर पेजच पिनार. काल कामावर चक्कर आली. ट्रंपेट काढून पुसतो, परत ठेवतो. परबभाऊंना मी काय बोलू? ते एवढं करतात."

दुसऱ्या दिवशी परबांनी आकडा सांगितला, सत्त्याऐंशी, आणि मी लिहिला. इनास गेटपासवर सही करायला गेला. तो गेल्यावर मी पहिल्यांदा काट्याच्या दांडीकडे नीट पाहिलं. सहा महिने मी दुसऱ्याने सांगितलेला आकडा लिहीत आलो होतो. माझ्या धंद्यात याला हलगर्जीपणा म्हणतात.

मी सरकतं वजन शून्यावर आणलं. पाटावर कोणी नव्हतं. दांडी सरळ राहायला हवी होती. ती वर गेली. सपाट व्हायला वजन दोन किलोंपर्यंत सरकवावं लागलं. भांडारातल्या रिकाम्या हवेचं वजन दोन किलो भरत होतं.

परब दारात उभे होते. त्यांच्या हातात लहान स्क्रू-ड्रायव्हर होता.

"सोमवारी माल तोलायचा असतो," ते म्हणाले. "म्हणून जाताना मी पुन्हा बरोबर करून ठेवतो. कंपनीचं नुकसान नाही."

"कधीपासून?"

"चार रविवार. दर वेळी आधीपेक्षा अर्धा किलो जास्त फिरवला."

म्हणजे इनास हिशेबाप्रमाणे उतरत होता आणि परब हिशेबाप्रमाणे त्याला चढवत होते. इनास त्या दिवशी बरोबर पंच्याऐंशी होता.

मी कारण विचारलं. परबांनी आधी शून्याचा स्क्रू फिरवून दांडी सरळ केली, दोनदा तपासली, मग पाटाच्या कडेवर बसले.

"बायकोचं, सिंधूचं, ऑपरेशन लहानच होतं. पित्ताशयाचं. डॉक्टर म्हणाले, वजन जरा जास्त आहे, पण करून टाकू. आत जाताना मला म्हणाली, रात्री आमटी गरम करून घ्या. भूल दिली, त्यातून ती उठलीच नाही."

मी हातातली वही मिटली.

"वजन म्हणजे काय, ते का वाढतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वीस वर्षं बॉयलर चालवत होतो. कुठलं लाकूड किती उष्णता देतं, तोंडपाठ. आणि घरात ती मला वाढायची, मी जेवायचो, उरलेलं ती संपवायची. टाकवत नाही म्हणायची. मी कधी बघितलंच नाही. सगळं नंतर वाचलं." ते थांबले. "इनासला पंच्याऐंशीवर आणायचं होतं. मनापासून आणायचं होतं. सत्त्याऐंशीपर्यंत काही वाटलं नाही. मग वाटलं, पंच्याऐंशी झाला की त्याला आत नेणार."

"पण परब, आता तो हलका आहे. धोका कमी झालाय. तेच तर केलंत तुम्ही."

"गणित मला येतं."

"आणि आतडं अडकलं तर? चार दिवस तो जेवलेला नाही. रोझी सांगत होती, चक्कर आली त्याला."

परब एकदम उठले. "जेवलेला नाही? मी तसं सांगितलं नव्हतं. पेजेवर राहायला मी कधी सांगितलं?"

"तुमचा आकडा येईना म्हणून."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला, भांडाराला कुलूप लावलं आणि आम्ही एसटीने भुईगावला गेलो. परबांबरोबरचा माझा तेवढा एकच शांत प्रवास.

इनास ओटीवर बसला होता. परब अंगणातच उभे राहिले आणि हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणाले, "तू पंच्याऐंशी आहेस. चार आठवडे मी काटा फिरवून खोटं सांगितलं. आजपासून पोटभर जेव."

इनास ओटीवरून उठून उभा राहिला. मग म्हणाला, "म्हंजे मी चार दिवस पेज पिलो ती फुकट?"

"फुकट."

"रोझी, ऐकलंस? या येड्यानं मला उपाशी मारला!"

रोझी आतून आली. तिने परबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "ओरडू नको. आधी त्यांना बसायला दे." कारण तिने विचारलं नाही. परबांनीच सांगितलं, दोन वाक्यांत. सिंधूबाईंचं नाव ऐकल्यावर इनासचा आवाज खाली आला. तो म्हणाला, "परबा, मला ठाऊक असतं तर मी तुला सांगितलंच नसतं रे बारा किलो काढायला."

"म्हणून सांगितलं नाही."

"मग आता काय करू? जाऊ का नको?"

हा प्रश्न इनासने सर्जनला विचारायला हवा होता. त्याने परबांना विचारला. परबांनी चष्मा काढला, लुंगी नव्हती म्हणून शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. "जा," ते म्हणाले. "मुलीच्या लग्नात झांज शोभत नाही."

"तू येशील?"

"माझी पहिली पाळी आहे."

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी सव्वाआठला रुग्णालयात पोचलो. परब आधीपासून बाकावर होते. कारखान्यात नोकरीच्या अख्ख्या काळात न सांगता घेतलेली ती त्यांची पहिली रजा, असं तिवारींनी मला पुढे सांगितलं. साडेनऊला इनासला चाकांच्या खाटेवरून आणलं. तो परबांना काही तरी म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. दार बंद झालं. रोझीने रोझरीची माळ काढली आणि तिचे ओठ हलू लागले.

परबांपाशी तसं काही नव्हतं. ते दाराकडे बघत राहिले. थोड्या वेळाने माझ्याकडे न वळता म्हणाले, "पत्रकार, तुम्ही बोला."

"कशावर?"

"कशावरही. थांबू मात्र नका."

माझ्या डोक्यात आदल्या दिवशीची नगरपरिषदेची सभा होती. नव्या पाइपलाइनचा ठराव. मी तो सुरुवातीपासून सांगायला घेतला. कोणी मांडला, कोणी हरकत घेतली, पाइप किती व्यासाचा, कोणत्या रस्त्याने येणार, विरोधकांनी सभात्याग कधी केला आणि चहा आल्यावर परत कधी आले. इतक्या कंटाळवाण्या विषयावर मी आयुष्यात इतकं सलग बोललो नव्हतो. वाफ, नळ आणि दाब हा परबांचा प्रांत. मी दोन ठिकाणी चुकलो असेन. त्यांनी टोकलं नाही.

पाऊण तासाने दार उघडलं. सर्जन बाहेर आले, रोझीला म्हणाले, सगळं व्यवस्थित झालं, तो शुद्धीवर येतोय, पाणी मागतोय. रोझी रडत आणि हसत आत गेली.

मी उठलो. "परब, ऐकलंत ना? झालं."

"ऐकलं," ते म्हणाले. ते उठले नाहीत. दाराकडेच बघत त्यांनी बाकावरची माझी जागा हाताने थोपटली. "तुम्ही बसा. पुरं करा ते. त्या ठरावाचं पुढे काय झालं?"

ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला होता. मी बसलो आणि तेही सविस्तर सांगितलं.